जाळे दोनदा थांबले

एखाद्या बँकेच्या मुख्य कचेरीत एक मोठा संगणक असतो. खातेदारांच्या साऱ्या नोंदी त्याच्याजवळ असतात. मागेल त्याला माहिती पुरवणे हे त्याचे काम, म्हणून त्याला ‘सर्व्हर’ म्हणतात. शेकडो किलोमीटर दूरच्या शाखेतील कर्मचारी खातेक्रमांक टंकतो आणि क्षणात शिल्लक त्याच्या पडद्यावर दिसते. एका इमारतीतले संगणक एकमेकांना जोडणे तसे सोपे असते, कारण तार आपली असते आणि इमारतही आपलीच. पण गावे ओलांडायची झाली की तार भाड्याने घ्यावी लागते, ती इतरांबरोबर वाटून घ्यावी लागते, आणि वाटेतल्या अनेक अनोळखी यंत्रांवर विसंबावे लागते. अशा दूरवर पसरलेल्या जाळ्याला ‘वाइड एरिया नेटवर्क’ असे म्हणतात.

हे जाळे चालवते कोण, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. रेल्वेगाड्यांसाठी नियंत्रण कक्ष असतो, तसे जाळ्याच्या मध्यभागी बसून प्रत्येक संदेशाला वाट दाखवणारे कोणीतरी असेल, अशी आपली साधी समजूत असते. वस्तुस्थिती अशी की तसे कोणीही नसते. प्रत्येक यंत्र आपल्यापुरता एक छोटासा नियम पाळते. अशा लक्षावधी यंत्रांच्या छोट्या छोट्या नियमांतूनच साऱ्या जाळ्याचे काम चालते.

हे नियम कोणाला एका बैठकीत सुचलेले नाहीत. त्यांतले दोन फार महत्त्वाचे नियम तर जाळे कोलमडल्यावरच शिकावे लागले. पहिली वेळ १९८० साली आली, दुसरी १९८६ साली. दोन्ही वेळी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की जाळ्यातली जवळजवळ सगळी यंत्रे नेमून दिलेला नियम तंतोतंत पाळत होती. नियम मोडल्याने घोटाळा होतो हे आपण जाणतो. नियम पाळूनही घोटाळा कसा होतो, हे या दोन प्रसंगांतून पाहण्यासारखे आहे.

मुख्य कचेरी नसलेले टपाल

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रँड या संस्थेतील पॉल बॅरन एका प्रश्नाचा विचार करत होते. अणुयुद्धात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांना एकमेकांशी बोलता यावे, असे दळणवळण कसे उभारावे? त्यांचे उत्तर होते, मध्यवर्ती केंद्रच ठेवू नये. संदेशाचे छोटे सारखे तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याने जाळ्यातून मिळेल त्या वाटेने जावे. इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस हे १९६५ च्या सुमारास स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोचले. त्यांच्यासमोर युद्धाचा प्रश्न नव्हता. महागडी तार अनेकांनी मिळून कशी वापरावी, एवढाच प्रश्न होता. या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले.

या कल्पनांवर अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने एक जाळे उभारले, ते ‘आर्पानेट’. विद्यापीठांतील संशोधकांना एकमेकांचे संगणक दुरून वापरता यावेत, हा त्याचा हेतू होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे पहिला संदेश निघाला. ‘लॉगिन’ हा शब्द टंकायचा होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर काम झाले. त्या वर्षाच्या अखेरीस या जाळ्यात चार ठिकाणे होती.

विद्यापीठांचे संगणक वेगवेगळ्या बनावटीचे होते. म्हणून प्रत्येक ठिकाणी मोठ्या संगणकाच्या पुढे एक लहान संगणक ठेवला गेला. पॅकेट घेणे आणि ते पुढच्या योग्य तारेवर लावणे एवढेच त्याचे काम. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथील ‘बीबीएन’ या कंपनीने हे लहान संगणक तयार केले. आज त्यांच्या वंशजांना ‘राउटर’ म्हणतात. आम्ही या लेखात त्यांना ‘वाटाडे’ म्हणणार आहोत, कारण त्यांचे काम तेच आहे.

वाटाड्यांना जोडणाऱ्या तारा दूरध्वनी कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या होत्या आणि त्यांतून सेकंदाला ५०,००० बिट जात. एका तारेवर एका वेळी एकच पॅकेट जाऊ शकते. त्यामुळे वाटाड्याजवळ पॅकेटांची रांग लागते. रांगेसाठी त्याच्या स्मृतीत जागा ठरावीकच असते. ती भरली की नंतर आलेले पॅकेट टाकून देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

वाटाड्याला वाट कशी कळते?

आर्पानेटच्या पहिल्या दशकात वाटाडे शेजाऱ्यांच्या सांगण्यावर चालत. ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर आहे’ असे प्रत्येक जण शेजाऱ्याला सांगे आणि त्यावरून शेजारी आपला तक्ता तयार करी. ही कर्णोपकर्णी पसरलेली माहिती अनेकदा शिळी निघे. एखादी तार तुटल्याचे दूरच्या वाटाड्याला फार उशिरा कळे.

म्हणून १९७९ मध्ये नवी पद्धत आली. प्रत्येक वाटाड्याने फक्त स्वतःच्या तारांची स्थिती सांगायची, पण ती साऱ्या जाळ्याला सांगायची. प्रत्येकाकडे सगळ्यांची बातमी जमली की त्याने पूर्ण नकाशा तयार करावा आणि जवळची वाट स्वतःच मोजावी.

बातमी पसरवण्याचा नियम साधा होता. बातमी मिळाली की ती पूर्वीच्यापेक्षा नवी आहे का ते पाहा. नवी असेल तर स्वतःजवळ ठेवा आणि सर्व शेजाऱ्यांना द्या. जुनी असेल तर सोडून द्या. असे केले की नवी बातमी थोड्याच वेळात सर्वत्र पोचते आणि नंतर आपोआप थांबते.

पण नवी कोणती हे ओळखायचे कसे? त्यासाठी प्रत्येक बातमीवर अनुक्रमांक घालत. त्या काळी स्मृती महाग होती, म्हणून क्रमांकासाठी सहाच बिट ठेवले होते. सहा बिटांत ० ते ६३ एवढेच आकडे बसतात. ६३ नंतर पुन्हा ० येतो. म्हणजे हे ६४ तासांचे घड्याळच झाले.

घड्याळावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ ठरवणे अवघड असते. ११ नंतर १ येतो की १ नंतर ११? आर्पानेटचा नियम असा होता की, घड्याळाच्या दिशेने अर्ध्या फेरीच्या आत जो आकडा पुढे असेल तो नवा. अंतर नेमके ३२ असेल तर मोठा आकडा नवा. ६२ पेक्षा ३ नवा ठरतो, कारण ६२ पासून पाच घरे पुढे गेले की ३ येतो. जुन्या बातम्या जाळ्यात फार काळ रेंगाळत नसल्याने या नियमात गोंधळ होण्याचे कारण नव्हते. कागदावर तो निर्दोष होता.

२७ ऑक्टोबर १९८०

या दिवशी आर्पानेट काही तास निकामी झाले. बीबीएनच्या कचेरीत जाळ्यावर देखरेख करणारे पथक होते. पॅकेटांच्या वाटा ते ठरवत नसे. बिघाड शोधून तो दुरुस्त करणे एवढेच त्याचे काम. त्यांना दिसले की ठिकठिकाणचे वाटाडे एकमेकांशी संपर्क तुटल्याचे सांगत आहेत. तारा मात्र शाबूत होत्या.

काही वाटाड्यांच्या स्मृतीतील मजकूर मागवून तपासला तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या रांगा एकाच वाटाड्याच्या, क्रमांक ५० च्या, बातम्यांनी भरल्या होत्या. त्यांवर तीनच अनुक्रमांक पुनःपुन्हा येत होते : ८, ४०, ४४, ८, ४०, ४४.

हे तीन आकडे फळ्यावर द्विमान पद्धतीत लिहून पाहावेत. ४४ म्हणजे १०११००. त्यातला ४ चा बिट गळाला की १०१००० उरते, म्हणजे ४०. त्यातला ३२ चा बिटही गळाला की ००१००० उरते, म्हणजे ८. क्रमांक ५० च्या शेजारी क्रमांक २९ हा वाटाडा होता आणि त्याच्या स्मृतीत बिघाड होऊन बिट गळत होते. तारेवरून जाताना पॅकेट बिघडले तर ते पडताळ्याच्या बेरजेवरून पकडता येई. इथे बिघाड तारेवर झाला नव्हता. पॅकेट स्मृतीत पडून असताना झाला होता. त्यामुळे एकाच वाटाड्याच्या तीन बातम्या जाळ्यात एकाच वेळी फिरू लागल्या.

आता नियम लावून पाहू. ८ आणि ४० मधले अंतर ३२, म्हणून मोठा आकडा, म्हणजे ४०, नवा. ४० पेक्षा ४४ नवा, हे उघडच आहे. आणि ४४ पासून घड्याळाच्या दिशेने २८ घरे पुढे गेले की ८ येतो, म्हणून ४४ पेक्षा ८ नवा! प्रत्येक बातमी आधीच्या बातमीपेक्षा नवी ठरत होती आणि या साखळीला शेवट नव्हता. वाटाडे प्रामाणिकपणे प्रत्येक ‘नवी’ बातमी ठेवून घेत होते आणि शेजाऱ्यांना देत होते. बातम्यांचे काम अधिक निकडीचे मानले होते. त्यामुळे ‘मी जिवंत आहे’ असे शेजाऱ्याला कळवण्याचे कमी निकडीचे काम मागे पडले आणि चांगल्या तारा मृत ठरल्या.

एखादा वाटाडा बंद करून पुन्हा सुरू केला तरी उपयोग नव्हता. त्याची स्मृती स्वच्छ होई, पण शेजारी लगेच त्याच तीन बातम्या त्याच्या हातात देई. शेवटी ‘क्रमांक ५० कडून आलेली बातमी टाकून द्या’ अशी सूचना सगळ्या वाटाड्यांच्या आज्ञावलीत माणसांनी घातली, तेव्हा हे वावटळ शमले.

बीबीएनमधील एरिक रोझेन यांनी या घटनेचा सविस्तर अहवाल लिहिला. तो १९८१ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आपल्याच यंत्रणेतला दोष इतक्या बारकाईने मांडणारा हा अहवाल पुढच्या रचनाकारांना मार्गदर्शक ठरला.

जुनी बातमी मरायला हवी

या घटनेतून दोन गोष्टी कळल्या. पहिली, अनुक्रमांक वर्तुळात फिरू नयेत. दुसरी, आजारी यंत्र काढून घेतल्यावर जाळे माणसाच्या मदतीशिवाय आपोआप बरे व्हायला हवे. हा दुसरा विचार रॅडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात नेमकेपणाने मांडला. प्रत्येक बातमीला वय असावे आणि ठरावीक वयानंतर ती सर्वत्र नाहीशी व्हावी, म्हणजे चुकीची बातमीही कायम टिकणार नाही.

आज मोठमोठ्या कचेऱ्यांच्या सर्व्हरांना जोडणाऱ्या जाळ्यांत ‘ओएसपीएफ’ नावाचा नियमसंच फार वापरला जातो. त्यात अनुक्रमांक ३२ बिटांचा असतो आणि तो वर्तुळात न फिरता सरळ रेषेत वाढतो. एकाच बातमीची नवी आवृत्ती किमान पाच सेकंदांनी काढता येते. या वेगाने सारे आकडे संपायला सुमारे ६८० वर्षे लागतील. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार करून पाहावा. शिवाय एका तासाहून जुनी बातमी टाकून दिली जाते. १९८० च्या त्या एका दिवसाची आठवण या दोन आकड्यांत साठवलेली आहे.

चारशे यार्डांवर चाळीस बिट

पहिल्या प्रसंगात निदान एक यंत्र तरी आजारी होते. दुसऱ्यात तेही नव्हते.

१ जानेवारी १९८३ पासून आर्पानेटवर ‘टीसीपी’ आणि ‘आयपी’ हे नियमसंच सक्तीचे झाले. त्यांची मूळ कल्पना व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडली होती. यात वाटाड्याचे काम हलके केले होते. पॅकेट पोचवण्याची तो खटपट करतो, पण हमी देत नाही. हमीची जबाबदारी टोकाच्या दोन संगणकांवर असते. पाठवणाऱ्याने पॅकेट पाठवावे, पोच येण्याची वाट पाहावी आणि ठरावीक वेळात पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवावे.

नियम किती रास्त वाटतो! आपणही पत्राचे उत्तर आले नाही तर दुसरे पत्र टाकतो. पण पत्र हरवले नसून टपाल कचेरीत ढिगाखाली पडले असेल तर? दुसऱ्या पत्राने ढीग आणखी वाढतो. सगळ्या गावाने असेच केले, तर एकाच मजकुराची चार-चार पत्रे वाटण्यात पोस्टमन गुंतून पडेल आणि नव्या पत्रांची पाळीच येणार नाही.

फोर्ड एरोस्पेस कंपनीतील जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच हा धोका लेखी मांडला होता. त्यांनी दाखवले की जाळे एकदा या अवस्थेत गेले की तिथेच स्थिर राहते. तारा पूर्ण वेळ व्यग्र, यंत्रे पूर्ण वेळ कामात, आणि तरीही उपयोगाचे काम जवळजवळ शून्य.

ऑक्टोबर १९८६ मध्ये ते घडले. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर. त्यांच्यामधला प्रत्यक्ष मिळणारा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. वेग आठशे पटींनी घटला. ८ बिटांचे एक अक्षर धरले तर ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे. दोन हजार अक्षरांचे एक पान, जे अर्ध्या सेकंदात जायचे, त्याला जवळजवळ सात मिनिटे लागू लागली. एवढ्या वेळात कागद हातात घेऊन माणूस चालत पोचला असता.

‘पुन्हा पाठव’ ऐवजी ‘हळू हो’

त्या प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरल्स यांनी याचा छडा लावला. जेकबसन यांचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मध्यवर्ती विचार भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना ओळखीचा वाटेल, कारण तो अक्षय्यतेच्या नियमासारखा आहे. जाळे भरलेले असेल तर एक पॅकेट बाहेर पडल्याशिवाय दुसरे आत टाकू नये. पोच आली याचा अर्थ एक पॅकेट बाहेर पडले. तेव्हाच पुढचे टाकावे.

सुरुवातीला मात्र जाळ्याची ऐपत ठाऊक नसते. म्हणून एक पॅकेट पाठवावे. पोच आली तर दोन, मग चार, मग आठ. याला ‘हळू सुरुवात’ असे नाव पडले. दुपटीने वाढणाऱ्या गोष्टीला हळू का म्हणावे, असे कोणी विचारील. त्याआधी संगणक पहिल्याच क्षणी मूठभर पॅकेटे एकदम तारेवर ओतत, त्या मानाने ही चाल हळूच.

वाट किती वेळ पाहावी, हा हिशेबही बदलला. पूर्वी पोच येण्याच्या सरासरी वेळेवरून मर्यादा ठरे. पण गर्दी वाढली की सरासरीबरोबर चढउतारही वाढतात. जेकबसन यांनी सरासरीसोबत विचलनही मोजायला लावले. एसटी सरासरी दोन तासांत पोचते एवढे कळून भागत नाही. ती कधी पावणेदोन तास घेते आणि कधी तीन, हे ठाऊक असले तरच कधी काळजी करायची ते ठरवता येते.

सर्वांत मोठा बदल होता तो न आलेल्या पोचेच्या अर्थात. पूर्वी तिचा अर्थ होता, ‘पॅकेट हरवले, पुन्हा पाठव’. आता अर्थ झाला, ‘वाटेत गर्दी आहे, पुन्हा पाठव, पण हळू हो’. हळू किती? जाळे जवळजवळ भरले असताना पोच येत राहिली तर मर्यादा एकेक पॅकेटाने वाढवावी. पोच चुकली तर मर्यादा निम्म्यावर आणावी.

याच काळात डिजिटल इक्विपमेंट या कंपनीत के. के. रामकृष्णन आणि राज जैन हे दोघे याच प्रश्नावर काम करत होते. दोघांचेही काही शिक्षण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले होते. दा-मिंग चिउ आणि जैन यांनी १९८९ मध्ये गणिताने दाखवले की, बेरजेने वाढा आणि भागाकाराने घटा या नियमाने कोंडी तर टळतेच, शिवाय वाटणीही समान होत जाते.

हे गणित आठवीच्या मुलांनाही करता येईल. एका तारेची ऐपत २६ पॅकेटे आहे असे समजू. एक संगणक २० पॅकेटे टाकतो, दुसरा ४. दोघांतले अंतर १६. दोघे एकेकाने वाढत २२ आणि ६ वर गेले की बेरीज २८ होते आणि ऐपत ओलांडली जाते. दोघे निम्मे होतात, म्हणजे ११ आणि ३, अंतर ८. पुन्हा एकेकाने वाढत १८ आणि १० वर पोचतात आणि निम्मे होऊन ९ आणि ५ वर येतात, अंतर ४. पुढच्या फेरीत १६ आणि १२, मग ८ आणि ६, अंतर २. वाढताना अंतर बदलत नाही, घटताना ते निम्मे होते. मोठ्याला आणि धाकट्याला एकमेकांचे नावही ठाऊक नसते, तरी ते समान वाट्याकडे सरकत राहतात. दोघांनीही निम्मे होण्याऐवजी प्रत्येकी पाच पॅकेटे कमी करायची असा नियम असता, तर १६ चे अंतर १६ च राहिले असते.

सक्तीशिवाय पाळलेला नियम

या उपायाची आज्ञावली बर्कली विद्यापीठाच्या ‘युनिक्स’ प्रणालीच्या १९८८ मधील आवृत्तीत आली आणि तिथून इतर बनावटीच्या संगणकांत पसरली. ऑक्टोबर १९८९ मध्ये इंटरनेटच्या नियमपत्रकाने ती प्रत्येक संगणकासाठी आवश्यक ठरवली. पण तपासायला कोणी पोलीस नव्हता आणि आजही नाही. एखाद्याने आपल्या संगणकातला नियम काढून टाकला, तर गर्दीत इतर सगळे हळू होतील आणि त्याला मात्र जास्त वाटा मिळेल. सगळ्यांनीच तसे केले, तर ऑक्टोबर १९८६ परत येईल. जाळे चालू आहे ते बहुसंख्य यंत्रांनी हा संयम पाळल्यामुळे.

हा प्रश्न कायमचा सुटला, असे आम्ही म्हणणार नाही. आज ‘लिनक्स’ वापरणाऱ्या बहुतेक सर्व्हरांत ‘क्युबिक’ नावाचा सुधारित नियम असतो. २०१६ मध्ये गूगलने ‘बीबीआर’ हा वेगळ्या धाटणीचा नियम मांडला. तो पॅकेट हरवण्याची वाट न पाहता वेग आणि लागणारा वेळ मोजून आपली गती ठरवतो. त्याच्या पहिल्या आवृत्तीला काही परिस्थितींत जुने नियम पाळणाऱ्यांपेक्षा जास्त वाटा मिळतो, असे संशोधकांना आढळले. वेगवान नियम आणि न्याय्य नियम एकच असतात का, यावर अजून काम चालू आहे.

आपल्याकडची चिंचोळी तार

भारतात या नियमांचे महत्त्व अधिकच होते, कारण आपल्या तारा चिंचोळ्या होत्या. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईच्या जुहू भागातील एनसीएसटी आणि स्वतः तो विभाग असे आठ जण त्यात होते. पहिली काही वर्षे दूरध्वनी फिरवून पत्रांची देवघेव होई. जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९,६०० बिटांची भाड्याची तार सुरू झाली. १९९२ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यापर्यंत ६४,००० बिटांची जोडणी झाली. परदेशाशी होणारा संपर्क आठ संस्थांमध्ये समान वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्याला ८,००० बिट येत, म्हणजे सेकंदाला हजार अक्षरे. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. इतक्या अरुंद वाटेवर प्रत्येक संगणक उतावीळपणे पॅकेटे ओतत राहिला असता, तर कोणाचेच पत्र वेळेवर पोचले नसते.

वर्गात करून पाहा

हा विषय संगणकाशिवाय शिकवता येतो. सहा विद्यार्थी पाठवणारे, एक वाटाडा आणि एक घेणारा नेमावा. पाठवणाऱ्यांनी चिठ्ठ्यांवर आपले नाव आणि १, २, ३ असे क्रमांक लिहावेत. दर टाळीला वाटाडा चारच चिठ्ठ्या घेणाऱ्याकडे देईल. बाकावर आणखी सहा चिठ्ठ्यांपुरती जागा आखावी. त्यापेक्षा जास्त आल्या तर त्या टोपलीत टाकाव्यात. चिठ्ठी पोचली की घेणारा ज्याची त्याला पोच देईल.

पहिल्या खेळात नियम असा ठेवावा : दर टाळीला एक नवी चिठ्ठी टाका आणि जिची पोच आली नाही तिची दुसरी प्रतही टाका. दुसऱ्या खेळात प्रत्येकाने एका चिठ्ठीपासून सुरुवात करावी. सगळ्या पोची आल्या तर पुढच्या टाळीला एक चिठ्ठी जास्त, एखादी चुकली तर निम्म्या. आणि एकच उरली असेल तर एक टाळी थांबावे. दोन्ही खेळ वीस-वीस टाळ्यांचे घ्यावेत. शेवटी घेणाऱ्याच्या हातातल्या वेगवेगळ्या चिठ्ठ्या मोजाव्यात, त्याच चिठ्ठीच्या जादा प्रती बाजूला काढाव्यात, आणि प्रत्येक पाठवणाऱ्याच्या किती पोचल्या त्याचा तक्ता करावा.

वाटाड्याचा वेग दोन्ही खेळांत सारखाच होता. फरक कोणाच्या वागण्याने पडला, याचे उत्तर मुलांना त्या तक्त्यावरून स्वतःच शोधू द्यावे. मग तिसरा खेळ खेळावा : पाच जणांनी दुसरा नियम पाळायचा आणि एकाने पहिला. त्या एकाच्या किती चिठ्ठ्या पोचल्या आणि बाकीच्यांच्या किती, हे मोजून झाले की चर्चा सुरू करायला शिक्षकांना वेगळा प्रश्न शोधावा लागणार नाही.